केझाया वहिनीचे मुक्काम

ओबेडदादाचं लग्न ठरलं तेव्हा मुलगी बघून आलेली आई एवढंच म्हणाली, "मुलगी गुणाची आहे, पण बसत नाही."

"बसत नाही म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे बसत नाही. मी तिच्याकडे जेमतेम तासभर होते, तेवढ्यात तिने रचलेलं सरपण मोडून पुन्हा रचलं."

तीच माझी वहिनी, केझाया. दादा गवंडी होता, धुराडी बांधणारा. मॅसॅच्युसेट्समधलं आमचं गाव म्हणजे प्रार्थनाघराला चिकटून उभी असलेली चाळीसेक घरं. प्रत्येक घराच्या मधोमध एकच दांडगं धुराडं आणि त्याच्याभोवती, शेकोटीला बसावं तसं, सगळं घर. वर्षातले सहा महिने थंडी, त्यामुळे दादाला कामाची ददात नव्हती. वहिनी मात्र बंदरावरची, खलाशाची मुलगी. आमच्या गावात कोणाच्या घरात काय शिजलं आणि कोण कोणाशी किती वेळ बोललं हे सगळ्यांना ठाऊक असायचं, आणि त्यातच तिचा जीव घुसमटायचा.

जेरेड झाल्यावर ती जरा स्थिरावली. पण तो दोन वर्षांचा असताना एका हिवाळ्यात गावात घशाची साथ आली आणि तो गेला. प्रार्थनाघरामागे पुरला त्याला. आत आमची बसायची जागा खिडकीपाशी होती, आणि त्या खिडकीतून थेट तिथलीच माती दिसायची. रविवारी सकाळ-दुपार दोन्ही वेळेला तिथे बसावं लागे. थंडीने बोटं बधिर व्हायची, उपदेश संपता संपत नसे, आणि वहिनी आपली खिडकीबाहेर बघत राहायची.

बसलेल्यांवर लक्ष ठेवायला डीकन स्प्रूल, म्हणजे प्रार्थनाघराचा कारभारी, हातात लांब काठी घेऊन फिरायचा. कोणी पेंगलं की टोचायचा. एका रविवारी त्याने वहिनीला टोचलं. ती उठली, त्याच्या हातातून काठी काढून घेतली, गुडघ्यावर मोडली आणि दोन्ही तुकडे त्याच्या हातात ठेवून परत खाली बसली. उपदेश करणारासुद्धा थांबला.

पुढच्या रविवारी तिने सगळ्यांसमोर माफी मागायची असं ठरलं. दादाने आदल्या दिवशी तिला फार समजावलं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "काठी मोडली त्याचं वाईट वाटतं. चांगल्या लाकडाची होती."

यानंतर गावात आम्हा थर्लो मंडळींना काम मिळेना. दादाला कळेना काय करावं. वहिनीने मात्र सामान बांधायला घेतलं होतं. "हिटी, तू येतेस की मागे राहून डीकनशी लग्न करतेस?" तिने मला विचारलं. माझं लग्न व्हायचं होतं आणि होईलसं दिसतही नव्हतं. मी तिच्याबरोबर निघाले.

गलबताने आम्ही पेनसिल्व्हेनियात आलो. तिथे आमच्या शेजारी टॅसी नावाची क्वेकर पंथाची बाई होती. क्वेकर लोक लहानथोर सगळ्यांना तू म्हणतात, हे आम्हाला ऐकून माहीत होतं, पण ऐकणं वेगळं. पहिल्याच दिवशी तिने दारात येऊन विचारलं, "ओबेड, तू जेवलास का?" आमची आई सोडली तर दादाला असं कोणी विचारलं नव्हतं. तो लाजून वहिनीच्या मागे गेला.

तिथलं सगळंच सैल होतं. एका टेकडीवर क्वेकर, पलीकडच्या खोऱ्यात जर्मन, कोणी कोणाला टोचत नव्हतं. जर्मनांची गोठ्या-कोठारांची इमारत राहत्या घराच्या दुप्पट. गहू पिकायचा, पांढरा पाव रोज मिळायचा. आमच्याकडे तो कोणाच्या लग्नात दिसला तर दिसायचा. वहिनी टॅसीकडून जवस पेरायला शिकली, त्याचा धागा काढायला शिकली. कातणं तिला आधीपासून येत होतं, मागावर विणायला मात्र ती तिथेच शिकली. पहिलं वर्ष ती खूश होती असं मला वाटलं.

दुसऱ्या वर्षी कुरकुर सुरू झाली. जर्मनांकडे चुलीऐवजी लोखंडी शेगडी असते, विस्तव आत बंद. "आग दिसत नाही त्या घरात माणसाने बघायचं तरी काय?" ती म्हणायची. क्वेकरांच्या सभेत एकदा आम्ही गेलो. तिथे उपदेश नाही, सगळे मुकाट्याने बसतात. बाहेर आल्यावर वहिनी म्हणाली, "तिकडे बोलून बोलून जीव घ्यायचे, इकडे गप्प बसून घेतात." त्या शांततेत तिला जेरेड ऐकू येत होता, ते मला ठाऊक होतं. मी विषय बदलला.

व्हर्जिनियात कर्नल पेडली नावाच्या तंबाखूच्या मळेवाल्याला विटांचं घर बांधायचं होतं. त्याच्या माणसाने दादाकडे निरोप पाठवला. दादा नको म्हणत होता. वहिनीने हो कळवून टाकलं.

निघताना टॅसी म्हणाली, "केझाया, तुला कुठे पोचायचंय, का नुसतं निघायचंय?"

"पोचल्यावर सांगते."

"तिथे तू दुसऱ्याच्या घामाची भाकर खाशील. तू पाहशील आणि तुला ती गिळवणार नाही."

वहिनीने तिला घट्ट मिठी मारली.

व्हर्जिनियात गाव असं नाहीच. मळा, मग मैलोन्‌मैल झाडी, मग दुसरा मळा. रस्ता म्हणजे नदी. धुराडी घराच्या दोन्ही टोकांना, बाहेरच्या अंगाला बांधायची, म्हणजे उष्णता आत येणार नाही. हे ऐकून दादा चक्रावला. जन्मभर त्याने उष्णता आत कोंडली होती. स्वयंपाकघरही घरात नाही, अंगणापलीकडे वेगळं. विटा पाडणारे, शेतावर राबणारे, पाणी आणणारे सगळे गुलाम. आमच्या गावातही दोन-तीन घरांत गुलाम होते, पण इथे शंभरावर होते, आणि गोरी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

वहिनी दिवस काढायला स्वयंपाकघरात जाऊन बसू लागली. तिथे बिना नावाची स्वयंपाकीण होती, साधारण वहिनीच्याच वयाची, आणि तिची बारा-तेरा वर्षांची मुलगी फिबी. बिना कमी बोलायची. वहिनी मात्र तिला आमच्या प्रार्थनाघराच्या, टॅसीच्या, गलबताच्या गोष्टी सांगत बसायची. काठीची गोष्ट ऐकून बिना पोट धरून हसली.

"थर्लोबाई, एक विचारू?" ती म्हणाली. "काठी मोडली. मग पुढे तुम्हाला काय केलं?"

"काही नाही. आम्ही गाव सोडलं."

"म्हणजे नको वाटलं आणि निघालात?"

"हो."

"निघाल्यावर पकडायला मागे कोणी नाही आलं?"

सतत चाळा करणारे वहिनीचे हात मांडीवर पडून राहिले. मी तिला अशी पहिल्यांदाच पाहिली.

घर छपरापर्यंत आलं तेव्हा कर्नलची मुलगी लेटिस हिचं लग्न झालं. नवऱ्याची जमीन वर, डोंगराच्या बाजूला, बैलगाडीने आठवड्याची वाट. आंदण म्हणून लेटिसला द्यायच्या माणसांत फिबी होती. बिनाने हे ऐकलं आणि त्या दिवशी मक्याची पेज करपली. एवढंच. ती रडली नाही.

रडली वहिनी, आणि तीसुद्धा रागाने. ती तडक कर्नलच्या बायकोकडे, पेडलीबाईंकडे गेली. मी मागे मागे.

"ती पोर तिच्या आईजवळ राहू द्या," वहिनी म्हणाली.

पेडलीबाई भरतकाम करत होत्या. "थर्लोबाई, तुमच्या नवऱ्याला आम्ही धुराडी बांधायला बोलावलंय."

"लेटिसबाईंना पोरगी कशाला हवी? तिला साधं कातताही येत नाही. तिथे डोंगरात कापड कुठून आणणार? मी जाते. मी माग लावते, तिथल्या बायकांना कातायला-विणायला शिकवते. फिबीला इथेच ठेवा."

पेडलीबाईंनी सुई थांबवली. त्यांना सौदा कळत होता. "किती दिवस राहाल?"

"वर्षभर."

"ठीक आहे. तुम्ही तिथे आहात तोवर मुलगी इथे."

शब्द नीट ऐकायला हवे होते. आम्ही दोघींनीही ऐकले नाहीत.

दादा भडकला. "मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असता."

"म्हणालो असतो!"

"म्हणून तर नाही विचारलं."

बिनाला सांगायला गेलो तेव्हा ती कणीक मळत होती. हात न थांबवता तिने सगळं ऐकलं.

"वर्ष," ती म्हणाली. "तुम्ही कंटाळाल."

"कंटाळेन. रोज कंटाळेन."

"मग?"

"मग काय? कंटाळून विणत बसेन."

बिनाने आभार मानले नाहीत. आपल्याच मुलीला आपल्याजवळ ठेवल्याबद्दल आभार कसले मानायचे?

आम्ही तिघं गेलो ती डोंगराकडची जागा म्हणजे ओंडक्यांची चार घरं आणि तांबडी माती. वर्ष संपलं तेव्हा वहिनीने आवराआवर सुरू केली. लेटिस म्हणाली, "जा ना, खुशाल जा. आई फिबीला पाठवून देईल, तसंच ठरलंय." वहिनीने बांधलेली वळकटी सोडली.

पुढची वर्षं मी डोळ्यांनी पाहिली. शिकायला आलेल्या बायका चार महिन्यांत तरबेज झाल्या. त्यांना वहिनीची गरज उरली नव्हती, पण तिचं तिथे असणं हीच किंमत होती. ती महिन्या-दोन महिन्यांनी माग हलवायची, कधी खिडकीशी, कधी भिंतीशी. जेवता जेवता उठायची. एखादी गाडी गेली की धावत कुंपणापाशी जाऊन विचारायची, कुठून आलात, कुठे निघालात, रस्ता कसा आहे. आणि मग संध्याकाळभर दादाशी भांडायची. दादाला मात्र ती जागा मानवली. बांधायला धुराडी होती, आणि कोणी त्याला बिऱ्हाड हलवायला लावत नव्हतं.

एका वसंतात सकाळीच ती दिसेना. तिची शाल नव्हती, चांगले बूट नव्हते. दादा दगड रचत होता, त्याने मान वर केली नाही. "जाऊ दे तिला," म्हणाला, पण त्याच्या हातातला दगड किती वेळ तसाच होता. दुपारी वहिनी परत आली, घागरा गुडघ्यापर्यंत भिजलेला. सरळ मागावर बसली.

"कुठे गेली होतीस?"

"नदीपर्यंत. पाणी फार होतं, पलीकडे जाता येईना."

आदल्याच दिवशी मी ती नदी ओलांडली होती. पोटरीएवढं पाणी होतं. मी तिला ताक नेऊन दिलं.

दरवर्षी तंबाखू खाली न्यायच्या गाड्यांबरोबर ती बिनाला भेटून यायची. परत आली की सांगायची, फिबी उंच झाली, फिबीला बिनाच्या हातची भाकरी जमायला लागली, फिबी गाते. बाकी बिना आणि ती काय बोलायच्या ते तिने कधी सांगितलं नाही.

मग कर्नल पेडली वारला आणि मिळकतीच्या वाटण्या झाल्या. बिना पेडलीबाईंच्या वाट्याला गेली, फिबी धाकट्या मुलाच्या. कोणी कोणाला विचारलं नाही. पेडलीबाईंशी ठरलेलं सगळं कर्नलबरोबर मातीत गेलं. धाकट्याचा मळा नदीपलीकडे होता, एवढंच त्यातल्या त्यात बरं. रविवारी होडी मिळाली तर मायलेकींची भेट होई, नाही मिळाली तर नाही.

आम्ही खाली गेलो. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. आत जायची तिची हिंमत होत नव्हती.

"एवढं बसले," ती म्हणाली, "आणि काय उपयोग झाला?"

बिना म्हणाली, "गेली तेव्हा ती पोर नव्हती. बाई होती. मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सगळं तिला शिकवून झालं होतं. तेरा वर्षांची असताना गेली असती तर माझा चेहरा विसरली असती." मग चुलीकडे वळून म्हणाली, "आता तुम्ही जा बाई. तुम्हाला जाता येतं, तर जा. माझ्या दारात उभं राहून मला बघायला लावू नका."

ते कठोर होतं, आणि खरं होतं. वहिनी तशीच धक्क्यावर आली.

दादाने विचारलं, "वर जायचं का खाली? का परत टॅसीकडे?"

"इथे थांबवत नाही," ती म्हणाली, "आणि कुठे जावंसंही वाटत नाही." मग दादानेच ठरवलं आणि ती दोघं खाली, खाडीच्या तोंडाशी बंदराच्या गावी गेली. मी मागे राहिले. नदीवर होडी चालवणाऱ्या विधुर माणसाने मला मागणी घातली होती, आणि मीही हो म्हटलं होतं. रविवारी बिनाला पलीकडे सोडायला बहुतेक वेळा आमचीच होडी असायची.

वहिनीने ते बंदर पुन्हा सोडलं नाही, पण एका घरातही ती टिकली नाही. एका घरात समुद्राचा आवाज फार, दुसऱ्यात अजिबात नाही, तिसऱ्यात शेजारीण चौकस. दादा प्रत्येक ठिकाणी धुराडं दुरुस्त करायचा आणि ते धूर नीट ओढायला लागलं की निघायची वेळ झालेली असायची. मागच्या पानगळीत मी त्यांना भेटायला गेले. पत्त्यावर दुसरंच कोणी राहत होतं. विचारत विचारत पुढच्या गल्लीत पोचले, तर रस्त्यातच सामान मांडलेलं, आणि केस पांढरे झालेली वहिनी दारात एका पलंगाशी झटत होती. मला बघून तिला आश्चर्यही वाटलं नाही.

"हिटी, बरं झालं आलीस," ती म्हणाली. "ते टोक धर."