दोन कमला

"नाव घेतल्याबिगर लेबल लावायचं नाय गं," असं म्हणत मावशी डोळे मिटायची, ओठांतल्या ओठांत नमो मरिया पुटपुटायची आणि मगच अंगठ्यानं लेबल दाबून बसवायची. उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या आमच्या लॅबमध्ये रक्त काढायचं काम माझं, बाटल्यांवर नावं चिकटवायचं तिचं. एक नाव, एक प्रार्थना.

तुम्ही म्हणाल, मग काम उरकायचं कधी? मीही तेच म्हणायचे. "मावशी, शुगरवाल्यांसाठी पण नमो मरिया?"

"त्येंना तर जास्तच लागती. लाडू खाऊन येतात आन उपाशी हाय म्हणून सांगतात."

अंबरनाथला ती एकटीच राहायची. रविवारची चर्चमधली मिस्सा कधी चुकवली नाही. पण देवावर एवढा भार टाकूनही जीव सदा टांगणीला. घरचा गॅस बंद केला की नाही, सकाळच्या आजोबांचं लेबल नीट लागलं की नाही. "लागलं हो मावशी," असं मी दिवसातून दहादा सांगायचे आणि वैतागायचे.

एका सकाळी दोन बायका गाठ तपासायला आल्या. एक उल्हासनगरातलीच सिंधी, दुसरी बदलापूर गावातली, शेतावरून थेट आलेली. दोघींचं नाव कमला. डॉक्टरांनी गाठीत सुई घालून नमुने घेतले, काचेच्या स्लाइडवर पसरले आणि लेबलं लावायला मावशीकडे दिले. दोन दिवसांनी रिपोर्ट आले. बदलापूरच्या कमलाची गाठ साधी. सिंधी कमलाची कॅन्सरची.

दुसऱ्या दिवशी मावशी आली ती पांढरीफटक पडून.

"पोरी, कमला म्हणून डोळे मिटले गं मी. उघडले तर दोन्ही काचा हातात. कुठल्या कमलासाठी मागितलं ते देवाला कळलं आसंल. मलाच नाय कळलं."

"तेव्हा का नाही बोललात?"

"तवा वाटलं बरोबर लावलं. आता वाटतंय नसंल."

मी म्हटलं, "तुम्हाला बंद गॅससुद्धा चालू वाटतो. गप्प बसा, नोकरी जाईल." खोटं कशाला बोलू, हे मीच म्हटलं.

दुपारपर्यंत तिनं एकाही लेबलाला हात लावला नाही. तिची लेबलंही मीच लावली. शेवटी म्हटलं, "जरा प्रार्थना करा, बरं वाटेल."

"सकाळपासनं तेच करतेय. तो एकच सांगतोय, जा आन डॉक्टरला सांग. मला तेवढंच नकोय."

आणि उठून केबिनमध्ये गेली. डॉक्टरांचा आवाज बाहेरच्या बाकड्यापर्यंत ऐकू आला.

दोघींना फोन करून, लेबलांची अदलाबदल झाली असावी म्हणून, दुसऱ्या दिवशी पुन्हा नमुने द्यायला बोलावलं. बदलापूरची कमला नवऱ्याचा हात घट्ट धरून बसली होती. सिंधी कमला मात्र इस्त्रीचा ड्रेस घालून, मिठाईचा डबा घेऊन आली. मला म्हणाली, "देखा दीदी, गलती हो गई थी ना?" मला तिच्याकडे बघवेना.

डॉक्टरांनी या वेळी नमुने लगेच तपासले. संध्याकाळी कळलं, पहिलेच रिपोर्ट बरोबर होते. लेबलं चुकलीच नव्हती. बदलापूरची कमला रडत रडत निघून गेली. सिंधी कमलानं कागद दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला. मिठाईचा डबा टेबलावरच राहिला. तो कुणी उघडला नाही.

डॉक्टरांनी मावशीला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. ती भांडली नाही. जाताना एवढंच म्हणाली, "चांगलं करायला गेले आन त्या बाईला आशा लावून परत हिसकावली मी."

पुढे सिंधी कमला प्रत्येक किमोआधी रक्त तपासायला यायची, डोक्याला रुमाल बांधून. एकदा तिनंच विषय काढला. "वो तुम्हारी मावशी आती है ना मेरे घर, रोज. बर्तन मांजती है, मेरे लिए माला जपती है. और माफी मांगती है. मैं बोलती हूँ तो सुनती नहीं. तुम समझाओ उसको."

"क्या समझाऊँ?"

"उस एक दिन मैंने पेट भर के खाना खाया, दीदी. बेटी के साथ बाजार गई, उसकी शादी का कपड़ा देखा. उसके बाद वैसा दिन आया नहीं. वो दिन उसी ने दिया ना मुझे?"

त्या रविवारी मी मुद्दाम अंबरनाथला गेले. मावशीच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "मिस्सावरनं आली आन तशीच उल्हासनगरला गेली, पेशंटकडं. काही निरोप हाय का?"

निरोप होता, पण तो दुसऱ्याच्या तोंडी देण्यासारखा नव्हता. भेटेल तेव्हा सांगू म्हणून परत आले.

सोमवारी कमलाची रक्त तपासायची तारीख होती. ती आली नाही. आज गुरुवार. मावशीचा फोन वाजतो, उचलत कुणी नाही.