सकुबाईचा आडोसा

सकुबाई माझी थोरली जाऊ. धसईच्या पुढे, सिद्धगडाच्या अंगाला आमची घरं, शेजारी शेजारी. गावात तिला आता पवनचक्कीवाल्यांची म्हातारी म्हणतात. मला त्याचाच संताप येतो. त्या पवनचक्कीने तिचं काय केलं ते आमी डोळ्यांनी बघितलंय.

ती लग्न होऊन आली त्याच साली आषाढातल्या वाऱ्याने घराची कौलं नेली. सासरे कपाळाला हात लावून बसले. ही नवी नवरी, पण हिने पश्चिमेच्या बांधावर बांबू लावला, करंज लावले, जांभळी लावल्या. उन्हाळाभर ओढ्याचं पाणी डोक्यावरून आणून जगवल्या. थोरले भाऊजी, महिपत, तिला चिडवायचे, पोरं व्हायच्या आधी हिला झाडांचीच माया. सासरे गेले, भाऊजीही गेले, पण त्या आडोशामागे कौल पुन्हा हललं नाय.

मग तिच्या साईनाथने त्याच झाडांमागे माळावर पोल्ट्रीची शेड घातली. चांगलं केलं, मी वाईट म्हणत नाय. पण आमच्याकडच्या लाईटीचं काय सांगू! ऐन थंडीत लाईट गेली, उबेचे बल्ब विझले, नि पिल्लं एकमेकांवर चढून चिरडून मेली. साईनाथ ढसाढसा रडला. मग कुठल्याशा प्रदर्शनात पवनचक्की बघून आला नि शेडच्या बाजूला खांबावर उभी केली. पाती फिरतात न फिरतात. बसवणारा मिस्त्री बोलला, वारा झाडांनी अडवलाय, झाडं काढा.

"वारा अडवायलाच लावलीत रे ती," सकुबाई बोलली. कौलांची गोष्ट त्याला पुन्हा सांगितली. ऐकेल तर शपथ! झाडं काढायची नसतील तर माळ फार्महाऊसवाल्याला देतो नि कल्याणला जातो, असं त्याने आईच्या तोंडावर सांगितलं. त्या दिवशी ती जेवली नाय.

झाडं कापायला वाडीवरचा बारक्या करवत घेऊन आला. त्याची एक रीत आहे. ज्याने झाड लावलं त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय तो करवत लावत नाय. साईनाथ त्याच्यावर खेकसला, तरी तो बांधावर बसून राहिला. शेवटी सकुबाई हळदकुंकू घेऊन बाहेर आली. एकेका झाडाला लावत गेली, बांबूच्या बेटालाही लावलं, नि बारक्याकडे न बघता बोलली, "काढ रे बाबा. माझं पोर घरात राहू दे."

पाती गरगरा फिरायला लागली. खोटं कशाला बोलू, शेडमध्ये झक्क उजेड पडला. साईनाथने गावात पेढे वाटले. सकुबाई मात्र ओटीवर बोडक्या बांधाकडे पाठ करून बसायची.

आषाढ आला नि वारा थेट शेडवर आला. पत्रे उचलून भाताच्या खाचरांत नेऊन टाकले. आतली पिल्लं भिजून गेली, एक वाचलं नाय. त्या मेल्या पवनचक्कीला साधा ओरखडासुद्धा नाय. चिखलात मेलेली पिल्लं गोळा करताना साईनाथ आईकडे वळला.

"तूच सांगितलंस ना बारक्याला, काढ म्हणून?"

मी तिथंच होते. दोन थोबाडीत द्याव्या असं वाटलं. मी पुढे झाले तर सकुबाईने माझा हात घट्ट धरला.

दिवाळीच्या आत तो बायकोला, प्रियांकाला, घेऊन कल्याणला गेला. ज्याच्यापायी झाडं तोडू दिली तोच गेला. आता शेडला पत्रा नाय, आत कोंबडी नाय. अंधार पडला की एक बल्ब तेवढा लागतो. तो कसा बंद करायचा ते तिला कुणी दाखवलं नाय.

आता पुन्हा वारा सुटलाय. परवा साईनाथचा फोन आला. तिला कमी ऐकू येतं म्हणून फोन मीच स्पीकरवर लावून दिला. मला वाटलं, आईची चौकशी करेल. कसलं काय! पवनचक्कीला गिऱ्हाईक मिळालं होतं. त्याला चालू दाखवायची होती, म्हणून नीट फिरते ना, एवढंच विचारायचं होतं.

सकुबाईने बांधाकडे बघितलं.

"फिरते रे," ती बोलली. "अडवायला काय ठेवलंयस?"

तो "बरं" बोलला नि फोन ठेवला.