वाऱ्याची साय

भिंतीवर मनापासून प्रेम करणारे प्राणी या जगात दोनच. एक पाल आणि दुसरे आमचे दाजी. त्यातही पाल एखादी माशी दिसली की भिंतीवरचं लक्ष काढते. दाजींचं तेवढंही निघत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जन्म येडगावचा, नोकरी पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, आणि विषय वारा. वारा भिंतीवरून वाहतो तेव्हा भिंतीला अगदी चिकटलेला वारा म्हणे जागचा हलत नाही, आणि तिथून बोटभर दूर गेलं की तोच वारा सुसाट पळत असतो. मधल्या त्या बोटभर जागेत भोवऱ्यांचा जो काही गोंधळ चालतो, त्याला शास्त्रात सीमास्तर म्हणतात. दाजी त्याला ‘वाऱ्याची साय’ म्हणतात. इतर माणसं घरं बांधतात, सोसायटीच्या निवडणुकीला उभी राहतात, निदान भावकीशी भांडतात तरी. दाजींनी अख्खं आयुष्य त्या सायीत घातलं.

याची पहिली चाहूल आम्हाला त्यांच्या दिवाळसणालाच लागली होती, फक्त आम्हाला ती कळली नाही. मंचरला आमच्या घरी फराळाची ताटं मांडली, पाट टाकले, आणि जावईबापूंचा पत्ता नाही. शोधलं तर ते देवघराच्या खोलीत हातात उदबत्ती धरून भिंतीला नाक लावून उभे. धूर भिंतीलगत सरळ जातो आणि मग एका जागी एकदम फुटतो, ते बघत होते. आई कौतुकानं म्हणाली, “जावई लई देवभोळा गावला गं बाई.” वडील व्यवहारी, त्यांनी दाजींच्या मागून हळूच भिंतीला हात लावून ओल आलीय का ते पाहिलं. ताई नवी नवरी. ती चहाचा कप घेऊन दारात उभी होती. “काय बघताय?” असं तिनं विचारलं, त्यावर दाजींनी हातानंच ‘थांब’ अशी खूण केली. ती खूण पुढं तीस वर्षं तशीच राहिली.

निवृत्तीनंतर माणसं तीर्थयात्रेला जातात. दाजी थेट गावी येऊन बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये घुसले. कोंबड्या गेल्या होत्या, पंखे शिल्लक होते, एवढा शुभशकुन त्यांना पुरेसा वाटला. प्लायवूडचा, एका बाजूला उघडणारी काच असलेला एक लांबलचक बोगदा त्यांनी उभा केला आणि त्याच्या टोकाला कोंबड्यांचाच मोठा पंखा बसवला. वारा आत शिरताना शाळेतल्या पोरांसारखा रांगेत शिरावा म्हणून तोंडाशी स्ट्रॉची जाळी लावायची होती. नारायणगावात माझं हार्डवेअरचं दुकान आहे, त्यामुळे या राष्ट्रकार्यात पुरवठा खातं आपोआप माझ्याकडे आलं. मी गावातल्या एकूण एक रसवंत्या पालथ्या घातल्या. “पावणं, रस किती ग्लास?” “रस नको, नुसत्या स्ट्रॉ द्या. पोतंभर.” त्या मोसमात बाजारपेठेत माझ्याकडे बघून लोक आपसात जे बोलायचे, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

बोगद्याच्या मधोमध देव बसवावा तसा एक जाड ॲल्युमिनियमचा पत्रा बसवला होता. तीच त्यांची भिंत. ती आरशासारखी गुळगुळीत हवी म्हणून ते रोज पॉलिश पेपरनं घासायचे. पत्र्याला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. मी एकदा दमून त्यावर कोपर टेकवलं, तर दाजी माझ्याशी पुढच्या संकष्टीपर्यंत बोलले नाहीत. भीमाशंकरच्या गाभाऱ्यातही माणूस खोकू शकतो. दाजींच्या शेडमध्ये शिंकसुद्धा बाहेर जाऊन द्यावी लागे. कारण वाऱ्याचा वेग मोजायला त्यांच्याकडे केसाहून बारीक एक तापवलेली तार होती. वारा जितका जोरात, तितकी ती गार होते, आणि त्यावरून वेग कळतो. अशा बऱ्याच तारा धुळीनं आणि डासांनी खाल्ल्या. शेवटी एकच उरली. ताईला तर शेडच्या उंबऱ्याच्या आत प्रवेशच नव्हता. तिच्या पदराच्या वाऱ्यानं म्हणे शेडमधली हवा ढवळून निघते.

एकदा सरपंच पाहणीला आले. त्यांनी बोगद्याभोवती फेरी मारून विचारलं, “सर, हितं वीज किती तयार हुती?”

“तयार न्हाई हुत. खाती,” दाजी म्हणाले.

“मंग उपेग काय ह्याचा?”

“तुमच्या पाइपलाइनचं पाणी वर चढताना दमतं ना, सरपंच? ते पाइपाच्या कडंला दमतं. का दमतं, ते हुडकतोय.”

सरपंचांनी गंभीरपणे मान हलवली. “त्याला काय एवढं. आमी मोठी मोटर बसवतो की!” असं म्हणून विज्ञानाचा प्रश्न निकालात काढून ते चहाला गेले.

दाजींची इच्छा एकच होती. ती तार पत्र्याच्या जवळ, आणखी जवळ, जिथं वारा थांबतो तिथपर्यंत न्यायची आणि सगळी साय एकदा नीट मोजायची. कॉलेजात ते कधी जमलं नाही. कधी परीक्षा, कधी वीज, कधी प्राचार्य. “भिंतीला एकदा शिवून यायचंय, पावणं,” असं ते म्हणायचे तेव्हा त्यांच्यावर विनोद करायचं मलाही जड जायचं. आणि अशात गेल्या वर्षी त्यांच्या पुतण्यानं एका कंपनीशी कोंबड्यांचा करार केला. शेड सामाईक, पुतण्या कर्ता, आणि पिलं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येणार. दाजींच्या हाती दसऱ्याचा एक दिवस उरला. पत्रा घासून तयार होता, वायरमन वीज घालवणार नाही असा शब्द देऊन गेला होता, आणि मला मदतीला बोलावलं होतं.

मी सकाळी पोचलो तर दाजी आंघोळीला गेलेले आणि शेडचं दार उघडं. आत ताई. हातात पूजेचं ताट. ट्रॅक्टर, विहिरीची मोटर, शिलाई मशीन, सगळ्यांची पूजा उरकून ती इथं आली होती. दसऱ्याला यंत्र उपाशी कसं ठेवायचं? पत्र्याच्या ऐन पुढच्या कडेला तिनं ओल्या कुंकवाची पाच बोटं ओढली होती, त्यावर अक्षता दाबल्या होत्या आणि वर झेंडूचं फूल. एवढ्यात दाजी आले. अंगावर टॉवेल, केसांतून पाणी गळतंय. त्यांनी पत्रा पाहिला.

“आज तुमचं काम नीट हू दे म्हणून केलं,” ताई म्हणाली. मग त्यांच्या तोंडाकडे बघून तिला कळलं आणि तिनं पदराचं टोक पुसायला पुढं केलं.

मी डोळे मिटायच्या तयारीत होतो. दाजींनी चष्मा लावला. ते गुडघ्यावर बसले आणि अक्षतांकडे कडेनं बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, “तांदूळ तळेघरचा का गं? दाणा कसा एकसारखा हाय.”

“हां. तिथल्या मावशींनी दिलेला.”

“बरं. फूल तेवढं काढतो. ते उडंल.” त्यांनी झेंडूचं फूल तिच्या हातात दिलं आणि पंखा सुरू केला. मग जन्मात पहिल्यांदा त्यांनी तिच्या हाती उदबत्ती दिली आणि बोगद्याच्या तोंडाशी कुठं धरायची ते दाखवलं. धूर काचेआड सरळ, शहाण्यासारखा आला, आणि कुंकवाच्या बोटांवरून जाताच पिसाटला, गुंडाळला, फुटला. ताई बघतच राहिली. “अगं बाई,” ती म्हणाली, “दिवाळीला आमच्या भिंतीपाशी हेच बघत व्हता व्हय तुमी?”

दाजींनी मान डोलावली.

दिवसभर त्यांनी तांदळामागचा वारा मोजला. गुळगुळीत भिंतीचा वारा मोजायचा राहिला तो राहिलाच. आणि दिवेलागणीला तार भिंतीच्या केसभर अलीकडे तुटली. मला फार वाईट वाटलं. ताई स्वयंपाकाला गेल्यावर मी न राहवून विचारलं, “दाजी, सकाळी पुसलं का नाही? निदान पुसून तरी बघायचं.”

ते स्ट्रॉची जाळी उतरवत होते. “तीस वरसांत ती पैल्यांदा आत आली व्हती, पावणं,” ते म्हणाले. “आल्या आल्या पुसायचं?”

परवा उन्हाळ्यात गेलो तेव्हा शेडमध्ये पिलांचा नुसता कलकलाट होता. पत्रा आता गच्चीवर असतो. ताई त्यावर पापड घालते. “इतका गुळगुळीत हाय, पापड चिकटतच न्हाई,” असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, म्हणजे इतक्या वर्षांच्या संशोधनाचं अखेर चीज झालं म्हणायचं. कडेची ती पाच बोटांची जागा मात्र मोकळी होती. तांदूळ अजून चिकटलेला. खरवडून काढू का म्हणालो, तर दोघंही एकदम “नगं” म्हणाली. दाजी पत्र्याच्या कडेशी उदबत्ती धरून बसले होते. “सरका जरा, तुमी वारा अडवताय,” ते मला म्हणाले. मी सरकलो. ताई पापड तसेच टाकून त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि धुराकडे बघायला लागली.

“आता फुटंल बघा,” ती म्हणाली.

आणि धूर फुटला.