कार्डामागची ओळ

टॅक्सी दारात उभी होती. बाबांनी पत्र्याच्या डब्यातून एक कार्ड काढून माझ्या खिशात सरकवलं. "हे तुझं. डबा राहू दे इथेच." धाकटा भाऊ सुहास डबा छातीशी धरून उभा. मी मनात म्हटलं, ठेव रे सुहास तुलाच! दुबईला चाललेल्या माणसाला हे पुठ्ठे काय करायचेत?

बाबा पूर्वी बोटीवर नोकरीला होते. जपानच्या बंदरांतून ते जुनी, जाड कार्डं आणायचे, बेसबॉल खेळाडूंच्या चित्रांची. तिकडची पोरं ती आपटून दुसऱ्याचं कार्ड उलटं पाडतात, 'मेन्को' म्हणतात त्याला. आमच्या गुहागरच्या अंगणात आम्हीही तेच केलं. बेसबॉल मला आजही धड कळत नाही.

आता राहायला शेजारचं अजमान, ऑफिस दुबईत सिलिकॉन ओएसिसला, मध्ये रोजचा ट्रॅफिक. ऑफिसातल्या एका मलबारी मित्रानं माझं कार्ड पाहिलं आणि ओरडलाच, "हबीबी, ये तो मेन्को है, पुराना माल!" त्याला असल्या कार्डांचं वेड. ते मलाही लागलं. वीकेंडला आम्ही कलेक्टर मंडळी जमतो, भिंगातून कोपरे बघतो. कार्डावर कुणी काही लिहिलं असेल तर त्याचा भाव पडतो, हे तिथेच शिकलो. माझ्या कार्डामागे पेन्सिलीनं काहीतरी पुसट खरडलेलं होतं. वाचायचं डोक्यातही आलं नाही. मुलीचं खोडरबर घेतलं, हलक्या हातानं पुसलं. खलास. प्लास्टिकच्या कव्हरात घालून काय खूश झालो मी!

मग सुहासकडे डबा मागितला. चक्क नाही म्हणाला. "फोटो हवे तेवढे घे." फोटो आले, आणि प्रत्येक कार्डामागे बाबांचं अक्षर, लहानपणी खेळताना मी कधी वाचलंच नव्हतं. 'कोबे. थंडी फार. सुहासला दात आले म्हणे.' 'योकोहामा. सुहास चालू लागला, मी इथे.' सुहास, सुहास, सुहास! वर हा रोज संध्याकाळी बाबांना ओटीवर बसवून एकेका बंदराच्या गोष्टी ऐकणार. मी काय, शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटं, त्यातली पाच 'आवाज येतोय का' यात जाणार. माझा नुसता जळफळाट झाला. मुलगी म्हणाली, "बाबा, यू आर सो जेलस." आहेच मुळी!

शेवटी फोनवर बाबांना विचारलंच, माझ्या कार्डामागे काय लिहिलं होतं?

"आता कुठलं आठवतंय रे," म्हणाले.

फोन सुहासनं घेतला. "पुसलंस ना? मला पाठ आहे. 'हे थोरल्याचं. धाकट्यानं मागितलं तरी द्यायचं नाही.'" मग म्हणाला, "लहानपणी त्या ओळीवरून किती रडलोय, दादा. अख्ख्या डब्यात मला तेवढंच एक कार्ड हवं होतं."

इतकी वर्षं हाही जळत होता तर! खरं सांगतो, आधी बरं वाटलं. मग टेबलावरच्या त्या स्वच्छ, कोऱ्या कार्डाकडे बघवेना. पेन्सिल घेतली, पण माझ्या अक्षरात ते माझं कसं होणार?

दिवाळीला जातोय, इन्शाल्ला. कार्ड कव्हरातून काढून ठेवलंय, ओळ बाबांकडूनच पुन्हा लिहून घेणार. बाबांचा हात थरथरतो, ओळ वाकडी येईल, कलेक्टर मंडळी नाकं मुरडतील. मुरडू देत. घर म्हणून मला आता तेवढी एक ओळ हवी आहे. फक्त बाबा ती लिहितील तेव्हा सुहास समोर बसलेला पाहिजे, शब्द त्यालाच पाठ आहेत.