उष्टी हळद

हे मी आजवर कुणाजवळच बोललेले नाही. नवऱ्याजवळ तर नाहीच, कारण शोभा त्याची सख्खी धाकटी बहीण. तुम्हाला सांगते आहे, तेही अडखळतच.

नव्वदीच्या सुरुवातीला शोभा दिंडोरीहून कॉलेजसाठी आमच्याकडे नाशिकला राहायला आली. सावळी, हसरी. तिला बघायला लोक येत, पोहे खात, ‘कळवतो’ म्हणून जात. त्याच सुमारास मी महिला मंडळात गोरेपणाच्या वेडावर भाषण ठोकलं होतं. पहिल्या रांगेतल्या पावडर थापलेल्या चेहऱ्यांनीही टाळ्या वाजवल्या. मी स्वतः गोरी — या विषयावर बोलायला ते फार सोयीचं पडतं.

माझ्या घोट्यावर इसब होतं. डॉक्टरांनी दिलेल्या मलमाने ते गेलं आणि तिथली कातडी उजळली. शोभाच्या ते नजरेत भरलं. “वहिनी, हे तोंडाला लावलं तर?”

ट्यूबसोबतचा कागद मी वाचला होता — मी भेळेचा कागदही वाचते. चेहऱ्याला लावू नये, फार दिवस वापरू नये; कातडी पातळ होते, बंद केलं की त्रास उलटतो. तरी मी म्हटलं, “लावून बघ की.” का म्हटलं? तिचं लग्न जमलं की आमच्या दोन खोल्या पुन्हा आमच्या होणार होत्या. याहून भारदस्त कारण पुष्कळ शोधलं. नाही सापडलं.

ती उजळली. नामपूरच्या स्थळाने होकार दिला. ट्यूब संपली की दुसरी मीच आणून देत होते. पण मला सांगायचंय ते एवढंच नाही...

हळदीच्या दिवशी दिंडोरीच्या मांडवात सासरच्या बायका नवरदेवाच्या अंगाला लागलेली उष्टी हळद घेऊन आल्या. तीच नवरीला लावायची. वहिनी म्हणून पहिला मान माझा. मी तिच्या गालांना हळद लावली आणि तिचे डोळे भरून आले. माझं मनगट धरून ती हळूच म्हणाली, “वहिनी, आग होतेय गं.”

अख्ख्या मांडवात मला एकटीलाच कळलं की ही आग कशाची. तेव्हाच तिचं तोंड धुवून टाकलं असतं तर? पण उष्टी हळद धुतली का, हे सासरच्यांनी विचारलंच असतं. मग ट्यूब निघाली असती, मग मी — भाषणवाल्या बाई. मी मोठ्याने म्हटलं, “रडू द्या तिला, माहेर सुटतंय!” बायका गहिवरल्या. कुणीतरी ओरडलं, “अजून लाव की, रंग खुलू दे पोरीचा!”

मी पुन्हा हात भरून हळद घेतली. लावली.

सासरी ट्यूब सुटली तसा तिचा चेहरा लालभडक झाला, फोड आले, डाग राहिले. ‘फसवून गळ्यात बांधली’ हे तिने वर्षानुवर्षं ऐकून घेतलं. मलम कुणी दिलं, हे कधीच बोलली नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी माझ्या मुलीच्या हळदीला ती आली, पदर गालावर ओढून. आत्याचा मान म्हणून सगळ्यांनी तिला पुढे केलं. तिने आधी मुलीच्या मनगटावर बोटभर हळद लावली आणि थांबली. बायका खोळंबल्या.

“आग नाही ना होत, बाळा?”

“नाही गं आत्या,” मुलगी हसली.

मगच तिने मुलीच्या गालाला हात लावला. हळदीची वाटी माझ्या हातात होती. बोटं बुडवायला ती परत परत वाटीकडे वळत होती, पण तिने मान वर केली नाही. मी वाटी धरून उभी होते.