आवळीखालची पहिली पंगत

जन्मभर इतरांना वाढून मग जेवणारी बाई एकदाची पहिल्या पंगतीला बसली आणि पानात भात पडण्याआधीच बसल्या जागी झोपी गेली, तर तिला उठवावे की निजू द्यावे? कुलुपवाडीच्या महिला मंडळातल्या बायकांनी या प्रश्नावर पुढे कित्येक दुपारी घालवल्या. उत्तर त्यांना सापडले नाही, आणि येथेही ते देता येत नाही.

ती बाई म्हणजे मालन. देवगडकडून लग्न होऊन ती लालबागला आली, तेव्हा तिच्या सासूची खाणावळ होती. गावी बायकापोरे ठेवून आलेले गिरणी कामगार त्या एका खोलीत पाळीपाळीने जेवून जात. सासू गेल्यावर खाणावळ मालनकडे आली. गिरणीच्या तीन पाळ्या, म्हणून खाणावळीच्याही तीन. सगळी ताटे उचलून झाली की ती ओट्याशी उभ्यानेच चार घास खाई. ब्याऐंशीच्या संपात जेवणारे गावी पांगले आणि खाणावळ आपोआप मिटली. तिचा नवरा जयवंत मागाठाण्याच्या एका कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी झाला, आणि दोघे बोरीवली पूर्वेला कुलुपवाडीत राहायला आली. खाणावळीतला पितळी टोप मात्र तिने मोडीत दिला नाही.

तो टोप मंडळाच्या दृष्टीस पडला आणि मालनचे कार्तिक महिने ठरून गेले. मंडळाचे आवळीभोजन दरवर्षी नॅशनल पार्कात होई. नदीच्या अलीकडे एक जुनी आवळी होती. तिला हळदकुंकू वाहायचे, बुंध्याला सूत गुंडाळायचे आणि तिच्या सावलीत पंगत मांडायची. वर्षभर दीड खोलीत वावरणाऱ्या बायकांना तेवढीच मोकळी हवा. त्या फुगड्या घालत, मुलांना वनराणीच्या छोट्या आगगाडीत बसवून आणत, गवतावर आडव्या होत. मालन मात्र दोन स्टोव्हच्या मध्ये बसलेली असे. शेवटच्या पंगतीला ती पान घेई तेव्हा आवळीची सावली सरकून भलतीकडे गेलेली असे. मग नदीच्या वाळूने टोप घासायचा. त्या रात्री जयवंत कामावर निघताना ती बहुधा पाठीला शेक घेत पडलेली असे.

शहाऐंशीच्या कार्तिकाआधी तिने ही गोष्ट प्रथम नवऱ्यापाशी काढली.

"माका ह्या वर्षी पयल्या पंगतीक बसान जेवूचा आसा," ती म्हणाली.

"मगे बस," जयवंत बूट घालता घालता म्हणाला. "उठवता कोण तुका?"

त्याला ते इतके सोपे वाटले याचा तिला राग आला नाही. राग धरण्याइतके त्राण उरले नव्हते. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या बैठकीत तिने तेच जरा शुद्ध भाषेत सांगितले. मंडळाच्या चिटणीस वसुधाताई शाळेत शिकवत. त्यांना आधी आश्चर्य वाटले आणि मग ओशाळल्यासारखे झाले. या खेपेला मालनताईंनी काही म्हणजे काही करायचे नाही, प्रत्येकीने घरून एकेक पदार्थ आणायचा, असे त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केले. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणी काय आणायचे हे ठरवावे, असे कोणाच्या मनात आले नाही.

चतुर्दशीला आवळीखाली डबे उघडले. शिरा, बासुंदी, नारळाच्या वड्या, पुन्हा शिरा, श्रीखंड, आणखी एक शिरा. पाहुण्यासारखे नटून जायचे तर डबाही तसाच हवा, असा विचार प्रत्येकीने स्वतंत्रपणे केला होता. मालनची शेजारीण कमल फांद्यांवर जमलेल्या माकडांकडे बघून म्हणाली, "आज ह्यांकासुदा साखर होतली."

पूजा झाली. मालन बुंध्याशी टेकून, पदर खोचून, पहिल्या पंगतीत बसली. पानावर मीठ आले, लोणचे आले, तिन्ही घरचे शिरे आले. मग वाढप थांबले.

"मालनताई," वसुधाताई हलकेच म्हणाल्या, "भात कुठल्या पिशवीत आहे?"

"मी भात आणला नाही."

भाताचे नाव कोणी घेतले नव्हते, कारण भात ही आणायची वस्तू आहे असे कोणाला वाटलेच नव्हते. मालन आली म्हणजे भात आलाच. साऱ्या पंगतीची नजर तिच्याकडे वळली. तिचा उजवा तळहात सवयीने जमिनीवर टेकला गेला होता. घर रिक्षाने जवळ होते, तांदूळ निवडलेले होते. तिने हाताकडे पाहिले आणि तो उचलून मांडीवर ठेवला.

"आज मी उठणार नाही," ती म्हणाली.

मग वसुधाताई आणि कमल रिक्षा करून तिच्या घरी गेल्या. जयवंतला झोपेतून उठवावे लागले, आणि स्वतःच्या घरात तांदूळ कुठे असतात ते त्याला सांगता येईना. तांदूळ सापडले, पण त्या टोपात पाणी किती घालायचे, यावर तिघांचा वाद झाला. टोप घेऊन त्या परतल्या तेव्हा मुलांची पोटे गोडाने भरली होती आणि मालन आवळीला टेकून झोपली होती. आवळीची बारीक पाने तिच्या केसांत आणि शिऱ्यावर पडत होती.

वसुधाताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मागे घेतला.

"निजू दे बिचारीला," कोणीतरी म्हणाले.

"ती निजाक नाय इल्ली, जेवूक इल्ली," कमल म्हणाली. "उठवा तिका."

"तिला आजवर कोणी झोपू तरी दिलंय का गं?" वसुधाताई म्हणाल्या.

माकडांनी हात घालू नये म्हणून कमलने मालनच्या पानावर दुसरे पान उपडे झाकले. बायका एकमेकींना खुणेने वाढत, आवाज न करता जेवल्या. इतकी निमूट पंगत त्या झाडाखाली कधी झाली नसेल. तळाला करपलेला आणि वर कच्चट राहिलेला भात कोणी नावे न ठेवता संपवत आणला. मालनपुरता तेवढा बाजूला काढला.

तिला जाग आली तेव्हा तोंडावर ऊन होते. दोन्ही बाजूंची पाने उचललेली होती. रांगेत एकटे तिचेच पान उरले होते. वसुधाताई भाताचे वाडगे घेऊन धावत आल्या आणि गुडघ्यावर बसून वाढू लागल्या.

"उठवलं असतं तर चाललं असतं," मालन म्हणाली.

"इतकी गाढ झोप लागली होती तुम्हाला. उठवायचा धीरच झाला नाही."

"झोप घरीही लागते, वसुधाताई."

तिने भात कालवला, आतला कच्चा दाणा दाताखाली आला तरी चेहऱ्यावर काही न दाखवता सगळा खाल्ला. मग उठली, आपले पान गुंडाळले आणि टोपाची एक कडी धरली. दुसरी कडी वसुधाताईंनी धरली. दोघी नदीकडे उतरल्या.

१९८७ सालापासून मंडळाच्या आवळीभोजनाचा भात बोरीवली स्टेशनजवळच्या एका खाणावळीतून येऊ लागला.