पत्रकाच्या तळाची ओळ

बंदरावर तिला सगळे लाटबाई म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि ती ओ देई. ज्यानं कोणी हे नाव ठेवलं त्यानं चिडवायलाच ठेवलं असणार, पण अकरा वर्षं रोज दोनदा लाटांची उंची सांगणाऱ्या बाईला दुसरं म्हणायचं तरी काय?

काम दिसायला सोपं होतं. सकाळी सहाला आणि दुपारी चारला हवामान कचेरीचं पत्रक यंत्रातून सरकत बाहेर येई. ती चष्मा लावी, घसा खाकरी (माईक बंद असताना, हे महत्त्वाचं), आणि वाचायला लागे. वारा कुठून, वेग किती, लाटा किती उंच, लांबच्या वादळाची काही खबर आहे का. तीन भोंगे होते. एक लिलावाच्या शेडवर, एक धक्क्याच्या टोकाला आणि तिसरा बर्फाच्या कारखान्यावर. तिसऱ्याला कायमची सर्दी झाली होती. तरी एरवी बायकोचंही न ऐकणारे तांडेल, म्हणजे नावा चालवणारी मंडळी, तिचा आवाज आला की चहाचा घोट तोंडातच धरून उभे राहत. तिचा सगळा अभिमान एका गोष्टीत होता. अकरा वर्षांत एक आकडा चुकला नव्हता. कोणी चुकीचं ऐकू नये म्हणून ती प्रत्येक आकडा दोनदा सांगे. ‘अडीच मीटर. दोन पूर्णांक पाच.’

आठ महिन्यांपूर्वी तिनं हेच सांगितलं होतं. लख्ख ऊन होतं, वाराही बेताचा. गरम समुद्राचं हे असंच असतं, वादळ हजार मैलांवर घोंघावतं आणि त्याची लाट इथे उन्हात चालत येते. तिचा थोरला भाऊ त्या दिवशी नाव घेऊन गेला. संध्याकाळी त्याला चौघांनी उचलून आणलं. अडीचच्या जवळजवळ दुप्पट उंचीची एकच लाट आली, आणि जाळं ओढायच्या यंत्रावर आपटून त्याच्या गुडघ्याची वाटी फुटली.

दवाखान्यात ती धावत गेली तेव्हा तो एवढंच म्हणाला, “तू अडीच म्हणालीस.”

त्यानंतर तो तिच्याशी बोललाच नाही. त्याचं घर बर्फाच्या कारखान्यासमोर, वरच्या मजल्यावर. तिच्या माईकच्या खोलीतून त्याची खिडकी सरळ दिसे. दिवसभर तो त्या खिडकीत बसून लोकांची जाळी दुरुस्त करी. पण भोंग्यातून तिचं ‘नमस्कार’ आलं की हात लांब करून खिडकी लावून घेई. दिवसातून दोनदा, आठ महिने. ती वाचताना पत्रकाकडे बघे, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून ती खिडकी दिसायचीच. या भावानं तिला खांद्यावर बसवून शाळेत सोडलं होतं, तिच्या लग्नात पाहुण्यांसमोर ढसाढसा रडला होता.

शेवटी एके दिवशी तिनं रजा टाकली आणि हवामान कचेरी गाठली. आज या लोकांना चांगलं फैलावर घ्यायचं, असंच ठरवून गेली होती. गार खोलीत बसून उंटावरून शेळ्या हाकता, आणि गुडघा मात्र माझ्या भावाचा जातो!

समोर आली ती पंचविशीतली चष्मेवाली पोरगी. भांडण जागच्या जागी अर्धं झालं.

“त्या दिवशी अडीचच बरोबर होतं हो, मावशी,” पोरगी नोंदी काढून म्हणाली.

“मग चार-साडेचारची कुठून आली?”

“असं बघा, शंभर लाटा मोजल्या. त्यातल्या सगळ्यात उंच तेहतीस वेगळ्या काढल्या आणि त्यांची सरासरी काढली. ती सरासरी म्हणजे आमचा आकडा. एखादी सुटी लाट त्याच्या दुप्पटसुद्धा असते.”

“अगं, मग हे सांगायला नको?” लाटबाईचा आवाज चढला. “एवढी माणसं जातात समुद्रावर!”

पोरगी गोंधळली. “रोज सांगतो की. पत्रकाच्या तळाला टीप असते ना.”

लाटबाईनं पर्स उघडली. आदल्या दिवसाचं पत्रक घडी करून आतच होतं. तळाला एक आडवी रेघ, आणि रेघेखाली बारीक अक्षरात ती ओळ. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

ती ओळ तिनं कधी वाचलीच नव्हती असं नाही. पहिल्या आठवड्यात वाचली होती. पण तिच्या आधी हे काम करणारे आजोबा तिला शिकवताना म्हणाले होते, “रेघेपर्यंत वाचायचं. खालचं साहेबलोकांसाठी असतं. तीन मिनिटांत आटपलं पाहिजे.” ती रेघेपर्यंत वाचायला शिकली आणि पुढे डोळाच रेघेवर थांबायला शिकला. सवय ही अशी मुलखाची चोरटी.

बसमधून परत येताना ती खिडकीला डोकं टेकून बसली. अकरा वर्षं आकडा चुकला नाही म्हणून मिरवलं, आणि ज्या दिवशी दादा नाव घेऊन गेला त्या दिवशीही ती ओळ हातात होती. सांगितलं तर तो जन्मात तोंड बघणार नाही. न सांगावं तर रोज दोनदा त्या कागदासमोर बसायचं कसं? कोणाला कळणार होतं म्हणा. टीप कोण वाचतं? पण तिला कळलं होतं, आणि तेवढं पुरे होतं.

त्याच्या घरी जाऊन सांगावं म्हणून ती दोनदा जिन्यापर्यंत गेली. दोन्ही वेळा वहिनी वरूनच मान हलवून म्हणाली, “नका येऊ, वन्सं. तुम्ही आलात असं कळलं की तोंड भिंतीकडे करून झोपतात.”

मग राहिला भोंगा. पण भोंग्याची अडचण अशी की टीप तळाला, आणि खिडकी लागायची ‘नमस्कार’वरच.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला तिनं माईक चालू केला. घसा आधी खाकरायची विसरली होती, त्यामुळे ते खाकरणं अख्ख्या बंदरानं ऐकलं. आणि नमस्कार न म्हणता ती बोलली, “दादा, खिडकी लावू नकोस. दोन मिनिटं.”

लिलावाच्या शेडमध्ये बोली थांबली. वर खिडकीच्या दारावर हात आला होता, तो तिथेच राहिला.

“आपण लाटांची उंची सांगतो ती सगळ्यात मोठ्या लाटेची नसते,” ती म्हणाली. “एखादी लाट तिच्या दुप्पट येऊ शकते. ही ओळ रोज पत्रकावर होती. मी अकरा वर्षं वाचली नाही. ज्या दिवशी माझ्या भावाचा पाय गेला त्या दिवशीसुद्धा नाही. चूक माझी आहे. आता आजचं ऐका. नमस्कार.”

आणि तिनं वारा, वेग, उंची सगळं नीट वाचलं, प्रत्येक आकडा दोनदा. माईक बंद केला आणि पदर तोंडात कोंबून रडली.

बंदराच्या साहेबांनी फोन करून लेखी खुलासा मागवला. तो ती लिहीत असतानाच तिच्या खोलीच्या जिन्यावर काठी वाजली. तेरा पायऱ्या चढायला दादाला बराच वेळ लागला. खाली उतरून तिनं हात द्यायला हवा होता, पण ती जिन्याच्या तोंडाशीच उभी राहिली. तो आला, घामाघूम होऊन स्टुलावर बसला आणि माईककडे बघत राहिला.

“हे बंद आहे ना?”

“बंद आहे.”

“मग ऐक, चिमे.” चिमी हे तिचं घरातलं नाव, आठ महिन्यांनी कानावर पडत होतं. “दुप्पट लाट येते हे मला माहीत होतं. बाबांनी शिकवलंय, मी दहा वर्षांचा असताना. समुद्राकडे पाठ करायची नाही, आकडा काहीही असो. त्या दिवशी जाळं अडकलं, आणि मी पाठ केली.”

मग तिचा असा संताप झाला की रडणं कुठच्या कुठे पळालं. “माहीत होतं? आणि माझ्यावर खापर फोडलंस? आठ महिने खिडकी लावून बसलास?”

“तुझा आवाज ऐकला की तेच आठवायचं,” तो खाली मान घालून म्हणाला. “पस्तीस वर्षं तांडेल आहे मी. कोणाला सांगू, पाठ केली म्हणून?”

तिनं माठातलं पाणी त्याच्यापुढे ठेवलं. ते एका दमात पिऊन त्यानं टेबलावरचं पत्रक ओढून रेघेखालची ओळ डोळ्यांजवळ नेऊन वाचली. ओठ हलवत, सावकाश.

“ही वाचत जा,” तो म्हणाला. “अगदी पहिली वाच. नावेवर आता कुठकुठून पोरं येतात, समुद्र आयुष्यात पहिल्यांदा बघणारी. सगळ्यांच्या बाबांनी शिकवलेलं नसतं.”